मागच्या वर्षीचा माणूस

मामा त्या पिशवीत हात घालणार नाहीत, हे वाडीत सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

पिशवी साधी होती. निळ्या कापडाची, तोंडाला नाडी असलेली. आत जितक्या पांढऱ्या तितक्याच काळ्या काचेच्या गोट्या. शेजारी भाताच्या बियाण्याची पोती. पुण्याहून आलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकबाई वाडीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारत होत्या, आणि तो त्यांच्या भाषेतून वाडीच्या भाषेत आणायचं काम माझ्याकडे होतं. एक पायली बियाणं नक्की घेणार, की पिशवीत हात घालणार? पांढरी गोटी आली तर तीन पायली. काळी आली तर काही नाही.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. लग्नाआधी मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. महाडला आल्यावर तालुक्याच्या बातम्या पाठवायला लागले. बाईंना इथली बोली समजणारी आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगणारी व्यक्ती हवी होती. बातमीच्या कामात पहिल्या दिवसापासून तेवढंच शिकवतात: काय झालं ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते राहू द्या. मी बाईंना पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या रस्त्याला असलेल्या माझ्या मामांच्या वाडीत नेलं, कारण तिथे माझ्या ओळखीवर दारं उघडली असती.

बाईंचा विषय होता, माणूस धोका किती पत्करतो. येताना एसटीत त्यांनी तो समजावून सांगितला होता. प्रत्येक माणसाचं धाडस ठरलेलं असतं, त्याच्या उंचीसारखं. यंदा मोजलं, पुढच्या वर्षी पुन्हा मोजलं, तर साधारण तेवढंच भरायला हवं. ते एकदा मोजता आलं की कोण नवं बियाणं पेरेल, कोण जुनं सोडणार नाही, हे आधी सांगता येईल. हिशेब तसा सरळ होता.

पहिल्याच दिवशी त्यात एक अडचण आली. जो कोणी पिशवी निवडे, तो ओटीवरून खाली उतरे, कळशीतल्या पाण्याने हात धुवी, चपला काढून ठेवी, डोळे मिटून नमस्कार करी आणि मग हात घाली. एका म्हातारीने तर पिशवीवरून हात ओवाळून बोटं कानशिलावर मोडली. बाईंनी मला विचारलं, मी मामींना विचारलं.

"अगो, देवीला इचारायचं तर चपला घालून इचारतात काय?" मामी म्हणाल्या.

वाडीच्या देवळात कौल लावतात. देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी भिजवलेले तांदळाचे दाणे चिकटवायचे, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. लग्न, विहीर, मुंबईला जाणं, म्हैस घेणं, सगळं तिथे विचारलं जातं. पिशवीत न बघता हात घालणं म्हणजे वाडीच्या लेखी तेच होतं. बाईंनी ज्याला योगायोग म्हणून पिशवीत भरून आणलं होतं, त्याच्याशी माणसं हात जोडून बोलत होती.

मी बाईंच्या वतीने जाहीर केलं की यात देवीचा काही संबंध नाही, ह्या नुसत्या गोट्या आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या माणसाने पुन्हा चपला काढल्या.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी चहा मागितला आणि बराच वेळ देवळाकडे बघत बसल्या. "मानसशास्त्रातले माझे मित्र हेच सांगत आलेत," त्या म्हणाल्या. "खेळ आपण मांडतो. समोरचा कुठला खेळ खेळतोय, हे आपण विचारतच नाही." त्यांनी त्या दिवसापासून प्रश्नांत एक प्रश्न वाढवला: हात घालताना मनात कोण होतं?

मामांची पाळी आली तेव्हा त्यांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एक पायली द्या."

"अहो, घालून तर बघा हात," शेजारचा एक जण म्हणाला. "पिशवी काय चावते?"

"चावते का नाय, ते घातल्यावर कळतं. मला नाय कळून घ्यायचं."

सगळे हसले. वाडीत मामांना मागे 'थांबा जरा' म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या विहिरीच्या बादलीला दोन दोर होते. एक तुटला तर दुसरा. लवकर येणारं हळवं भात आणि उशिरा येणारं गरवं भात ते दरवर्षी दोन्ही लावत, म्हणजे पाऊस कसाही वागला तरी घरात काहीतरी येईल. आषाढात ओढ्याला घोटाभर पाणी असलं तरी ते अलीकडे उभे राहत आणि पलीकडच्याला हाक मारून काम सांगत. घरात त्यांचा शब्द चाले तो याच कारणाने. त्यांचा निर्णय कधी चुकत नसे असं नाही. पण चुकला तरी तो सगळं घेऊन जाईल एवढा मोठा नसे.

त्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. पंचक्रोशीत आंब्याची कलमं बांधायला त्यांना बोलावत. ते त्यांनी बंद केलं होतं. बशीत ओतलेला चहा ओठापर्यंत पोचेपर्यंत निम्मा सांडे, म्हणून ते दुसऱ्याच्या घरी चहा घेत नव्हते. बियाण्याची पायली त्यांनी डाव्या हाताने घेतली. मी त्यांना महाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन गोळ्या सुरू केल्या. पावसाआधी मामींचा निरोप आला की हात पुष्कळ थांबलाय. विषय तिथे संपला असं मी समजले.

बाई पुढच्या वर्षी शिमगा झाल्यावर पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टर होते. मेंदूच्या अभ्यासात त्यांनी काही वर्षं घालवली होती. निर्णय घेताना शरीरात काय होतं, हे बाईंना आता बघायचं होतं. ते लोकांची नाडी मोजणार होते, झोपेबद्दल विचारणार होते.

वाडीकडे चालत जाताना पायवाटेच्या दोन्ही अंगाला भाताच्या खाचरांत काळे चौकोन दिसत होते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तिथे शेण, पालापाचोळा, फांद्या रचून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तो भाजला नाही तर रोपात तण माजतं आणि लावणी बिघडते. प्रत्येकाचा राब भाजून झाला होता. मामांच्या खाचरात मागच्या हंगामाची धसकटं तशीच होती.

मामा ओटीवरच होते. "काय गो, आलीस? ये. बाईंना पण घेऊन ये." त्यांनी स्वतः चहा आणला, बशीत काठोकाठ ओतला, उजव्या हाताने उचलला आणि आमच्याकडे बघत सावकाश प्यायले. एक थेंब सांडला नाही. त्यांचा चेहरा उजळला होता. मलाही बरं वाटलं.

मग पिशवी निघाली, आणि मामा न बोलावता पुढे आले. चपला पायात होत्या. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि गोट्या खुळखुळ वाजवल्या. काळी गोटी आली.

"हात्तेच्या! परत घालतो."

"एकदाच घालायचा असतो," मी म्हटलं.

"मग पोराच्या वाटणीचा घालतो. तो कुठं येतोय बिरवाडीवरनं."

वाडीतलं कोणी हसलं नाही. मला ते लक्षात राहिलं. मागच्या वर्षी ज्याने पिशवी चावते का विचारलं होतं, तो खाली बघत होता.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "मागच्या वर्षी पिशवीकडे न बघणारे ते हेच का?"

"हेच."

"मग ही नोंद वगळावी लागेल. काहीतरी चुकलंय. माणूस एका वर्षात एवढा बदलत नाही."

मामींनी मला आत पडवीत बोलावलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता त्यांनी सांगितलं. त्या काळात सफेद मुसळीचं वेड पसरलं होतं. औषधी कंद आहे, लावा आणि श्रीमंत व्हा, असं सांगत माणसं गावोगाव फिरत. मामांनी ठरवलं होतं की यंदा भाताचा एक दाणा पेरायचा नाही, सगळ्या खाचरांत मुसळी. म्हणून राब भाजला नव्हता. गेल्या आषाढात ओढा दुथडी असताना ते त्यातून चालत पलीकडे गेले होते, नुसते जाऊन परत आले होते. वाडीच्या वरच्या कड्याला, जिथे गुरंसुद्धा जात नाहीत, तिथल्या रायवळ आंब्यांना भर पावसात कलमं बांधून आले होते.

"मी म्हटलं, पाय घसरला असता तर? तर म्हणतात, घसरला नाय ना? अगो बाय, ह्या माणसाबरोबर मी जन्म काढला. हा कोण आलाय, मला नाय ठाऊक."

त्यांना भीती मुसळीची नव्हती. त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला होता आणि बिरवाडीला खोली घेऊन राहत होता. येत्या रविवारी तो दोन्हीकडच्या नातेवाइकांना घेऊन येणार होता. शेतीचा कारभार वडिलांच्या हातून काढून घ्यायचं ठरलं होतं. डोकं फिरलंय असं चारचौघांत सांगून.

"कारभार गेला तर हे ओटीवर बसायचे नाय गो," मामी म्हणाल्या. "आत येऊन बसतील. आत बसलेला पुरुष मग उठत नाय, मी माझ्या सासऱ्यांचं बघितलंय."

मी बातमीदाराचे प्रश्न विचारले. कधीपासून? पाऊस पडायला लागल्यापासून. त्याआधी काय झालं? काही नाही. घरात भांडण, मृत्यू, ताप? काही नाही. नवीन काय सुरू झालं?

"हाताच्या गोळ्या. तेवढंच काय ते बरं झालं."

परतताना खाचराच्या बांधावर मी हे डॉक्टरांना सांगितलं, जसं कळलं त्या क्रमाने. गोळ्या कधी, ओढा कधी, मुसळी कधी. ते चालायचे थांबले. त्यांनी गोळीचं नाव विचारलं. मी मामींकडून पाकीट बघून आले होते, ते सांगितलं.

"बाई, ती नोंद वगळू नका," ते म्हणाले.

मग त्यांनी बांधावर बसून समजावलं. मेंदूत एक द्रव्य तयार होतं. ते करणाऱ्या पेशी कमी झाल्या की हात थरथरतो. गोळी त्या द्रव्याची जागा घेते आणि हात थांबतो. पण तेच द्रव्य मेंदूत आणखी एका ठिकाणी वेगळं काम करतं. काही मिळेल अशी आशा वाटणं, त्या आशेचं वजन होणं, ते तिथे चालतं. गोळीला फक्त हाताकडे जा असं सांगता येत नाही. ती दोन्ही घरी उतरते. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. पण आयुष्यात पत्त्याला हात न लावलेली माणसं या गोळ्यांवर जुगाराच्या नादी लागल्याचं डॉक्टरांच्या वर्तुळात नुकतंच बोललं जायला लागलं होतं. "मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "पाहतोय पहिल्यांदा."

"म्हणजे ज्याला मी माणसाची मूळ पसंती समजते," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "ज्याच्यावर माझा सगळा हिशेब उभा आहे."

डॉक्टरांनी करंगळीचं नख दाखवलं. "एवढीशी असते ती गोळी."

समोर काळे राब होते, वर कडा होता. बाजूच्या खाचरात एक माणूस विळ्याने बांध साफ करत होता. तो सावध होता की धाडसी, मला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या डोक्यात या क्षणी काहीतरी वजन करत बसलं होतं, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. माझ्याही डोक्यात, बाईंच्याही. मी तोवर शेकडो माणसांबद्दल लिहिलं होतं: अमुक धाडसी, तमुक भित्रा. त्या शब्दांच्या खाली एवढं खोल काही असेल, अशी शंकाही कधी आली नव्हती.

रविवारी मामींच्या आग्रहावरून आम्ही तिघेही गेलो. ओटीवर सतरंजी घातली होती. मामेभाऊ रात्रपाळी करून मोटरसायकलवरून थेट आला होता, डोळे लाल होते.

"बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "आता आराम करा. शेतीचं मी बघतो."

"बिरवाडीच्या खोलीत बसून बघणार? फोनवरनं राब भाजता येतो काय रे आता?"

नातेवाइकांत हशा झाला. मामेभावाचा चेहरा पडला. डॉक्टरांनी मध्ये पडून बांधावर सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, मामांच्या समोर, सोप्या शब्दांत. मी जिथे लागेल तिथे वाडीच्या बोलीत सांगितलं. मामा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी उजवा हात समोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

मधल्या चहाच्या वेळी मामेभावाने आम्हाला अंगणात गाठलं. "एवढंच असेल तर त्यांना विचारायचं कशाला? गोळ्या मीच आणून देतो. महाडच्या डॉक्टरांना सांगून कमीच्या आणतो. त्यांना कळणार पण नाही."

मामी मागे उभ्या होत्या. "तसं नाय करायचं," त्या म्हणाल्या. "चोरून तर बिलकूल नाय."

"आई, हे आत्ताचे बाबा नाहीत. तूच म्हणतेस."

"नसतील. पण बसलेत ते आपल्या ओटीवर."

बाई हळू आवाजात म्हणाल्या की हाच खरा प्रश्न आहे. निवड कोणाला करायला सांगायची? मागच्या वर्षीचे मामा हजर नाहीत, आणि जे हजर आहेत त्यांची पसंती गोळीने घडवलेली आहे. त्यांच्या शास्त्रात माणूस आधी असतो आणि निवड नंतर येते. इथे निवडीवर माणूस ठरणार होता. याला काय म्हणायचं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि हे त्यांनी लपवलं नाही.

मामींनी सुचवलं की कौल लावावा. देवी सांगेल.

"देवीला कशाला तरास?" मामा ओटीवरून म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डॉक्टरांना जवळ बोलावलं.

"गोळी कमी केली तर हात हालणार?"

"हालेल. किती, ते आत्ता सांगता येत नाही."

"आणि मी पहिल्यासारखा होणार?"

"बहुतेक."

"नक्की नाय?"

"नक्की नाही. महाडच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करायची. मग काय होतं ते बघायचं."

मामा एकदम मोठ्याने हसले.

"म्हणजे ही पण पिशवीच की. घालतो हात."

मामींनी तोंडाला पदर लावला. मामेभाऊ उभा होता तो पायरीवर बसला. नातेवाइकांना काय झालं ते नीट समजलं नाही, पण ज्यासाठी बोलावलं होतं ते आता होणार नाही, एवढं कळलं, आणि ते जेवणाची चौकशी करू लागले.

पोलादपूरच्या वाटेवर जीपमध्ये बाई म्हणाल्या, "मागच्या वर्षीच्या माणसाने हे कधीच केलं नसतं. चालू असलेलं औषध त्याने बदलू दिलं नसतं. त्या माणसाला परत आणायचं धाडस फक्त ह्या माणसात होतं."

गोळी हळूहळू कमी झाली. मामी आठवड्याच्या बाजाराला पोलादपूरला येत आणि तिथल्या फोनच्या बूथवरून मला महाडला फोन करत. पहिल्या फोनला मामांच्या बेतात मुसळी अजून सगळ्या खाचरांत होती. पुढच्या फोनला, "अगो, निम्म्यावर आले." त्यानंतर फक्त विहिरीशेजारच्या वाफ्यात. मग एके दिवशी त्या फोनवर हसत होत्या आणि रडतही होत्या: "म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. थांबा जरा." शेजारच्यांनी आपल्याकडचा उरलेला पाला आणि शेण दिलं. पावसाच्या तोंडावर वाडीतला शेवटचा राब भाजला गेला. हळवं आणि गरवं, दोन्ही पेरलं.

एका माणसाची उमेद दर आठवड्याला वीतभर कमी होताना मी फोनवर ऐकली. ती कमी होत गेली तशी घरातली माणसं सुटकेचा श्वास टाकत होती. यातलं काय सांगण्यासारखं आहे, काय नाही, मला ठरवता आलं नाही. त्यावर मी कधी बातमी केली नाही.

त्यानंतर बाईंचं काम बदललं. त्यांनी गोट्या टाकून दिल्या नाहीत, पण गोट्यांच्या आधीचे प्रश्न वाढले. काल झोप झाली का, काय खाल्लं, कुठलं औषध चालू आहे, मनात कोण आहे. डॉक्टर कायमचे त्यांच्याबरोबर काम करू लागले. बिरवाडीच्या खोल्यांमध्ये त्यांनी कामगारांना तोच प्रश्न रात्रपाळीनंतर एकदा आणि दिवसपाळीनंतर एकदा विचारला. माझ्या मामेभावालाही विचारला. दोन्ही वेळची उत्तरं वेगळी आली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही माझा पण कारभार काढणार काय?"

तिसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा वाडीवर गेलो. मामा ओटीवर होते, आपल्या जागेवर. पिशवी समोर आली.

"एक पायली द्या."

त्यांनी उजवा हात पुढे केला. तो हालत होता, पहिल्या वर्षीपेक्षा जास्त. बियाणं घेताना थोडे दाणे सतरंजीवर सांडले. मामींनी ते वेचले.

बाईंनी विचारलं की हात स्थिर करणारी ती गोळी पुन्हा वाढवून मिळाली तर घ्याल का.

"नको. हाय ते चाललंय." ते थांबले. मग स्वतःहून पुढे बोलले, असं ते सहसा बोलत नसत. "तेव्हा मला वाटायचं, हे सगळे भितात कशाला. आता वाटतं, मी भ्यालो कसा नाय. दोन्ही वेळेला मलाच वाटत होतं, बाई. दुसऱ्या कोणाचं काय आत शिरलंय, असं एक दिवस पण नाय वाटलं."

बाईंनी लिहिणं थांबवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मीही. आम्ही दोघी आपापल्या परीने माणसं काय म्हणतात ते टिपणाऱ्या बायका होतो. एवढ्या आतून आलेली साक्ष आम्हाला पुन्हा मिळाली नाही.

कड्यावरची कलमं जगली. काही वर्षांनी त्यांना फळ धरलं. एका वैशाखात मी वाडीवर असताना मामींच्या माहेरचे पाहुणे आले होते. त्यांनी अंगणातून वर पाहिलं आणि त्या जागी आंबा बघून चकित झाले.

"तिथं कलमं बांधायला कोण गेलं होतं?"

मामा दोन्ही हातांत स्टीलचा पेला धरून चहा पीत होते. पेला निम्माच भरलेला होता.

"तो नाय काय, मागच्या वर्षीचा," ते म्हणाले. गोळीच्या दिवसांतल्या मामांना, कितीही वर्षं झाली तरी, घरात तेच नाव होतं.

"कोण मागच्या वर्षीचा?"

"ह्यांच्या ओळखीचा होता एक," मामी आतून म्हणाल्या. "येडा होता. पण हात चांगला होता त्याचा."

मामेभाऊ सुट्टीवर आला होता. तो वर चढायला निघाला.

"थांब रे जरा," मामा म्हणाले. "दोर बांधून जा."

त्याने कमरेला विहिरीचा दोर बांधला. मामांनी दुसरा दोरही बांधायला लावला. तो पंच्यात आंबे बांधून उतरला, तेव्हा मामांनी त्यातला एक घेतला. हालणाऱ्या हाताने देठाकडून बराच वेळ हुंगला. मग कड्याकडे पाहिलं आणि मान हलवली, दुसऱ्या कोणाच्या चांगल्या कामाला हलवावी तशी.